मारिल्दाचा ओढा, जावयाचे शेअर

५ मे, सोमवार

संध्याकाळी चर्चच्या तळघरातल्या खोलीत ब्रिगिटेच्या पर्यावरणवाल्या ग्रुपची मीटिंग. ब्राझीलच्या जंगलातून मारिल्दा आली आहे. माझ्याहून लहान असेल, पण हात माझ्याहून म्हातारे. तिच्या गावाच्या वरच्या अंगाला बॉक्साइटचा कारखाना. पावसाळ्यात त्यांचा लाल चिखलाचा तलाव भरून वाहतो आणि गावचा ओढा लाल होतो. मासे उलटे तरंगतात, पोरांच्या अंगावर फोड. कारखानेवाले म्हणतात, मातीच लाल आहे तिथली. हो का! मग मासे इतकी वर्षं काय डोळे मिटून पोहत होते?

त्या कारखान्याचा माल घेणारी कं. इथलीच, ड्युसेलडॉर्फची. जावई जिथे नोकरीला आहेत तीच.

पुढच्या बुधवारी कं.ची वार्षिक सभा. ज्याच्याकडे एक जरी शेअर आहे त्याला तिथे उभं राहून जाब विचारता येतो, नाहीतर आपल्या जागी दुसऱ्याला बोलायला देता येतं. चांगली पद्धत. ब्रिगिटेने ग्रुपच्या नावाने एक शेअर घेतला, तोही नोंदणीची मुदत उलटून गेल्यावर. जर्मन बाई आणि मुदत चुकली! ती डोळे पुसत होती. मारिल्दाला कुणी सांगायचं यावर कुजबुज.

मी म्हणाले, माझ्या जावयांकडे आहेत शेअर. कंपनीच देते त्यांना.

टाळ्या. ब्रि.ने मिठी मारली.

ट्राममध्ये बसल्यावर लक्षात आलं, मंदाररावांना विचारायचं राहिलंच.

६ मे

विचारलं. मंदार चष्मा पुसत म्हणाले, "आई, बघतो." म्हणजे नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, एवढं कळतं.

नंतर लेक, केतकी, स्वयंपाकघरात आली, दार लोटून.

"आई, तू पुण्यात कुणाच्याही लग्नाला दादाची गाडी परस्पर देऊन टाकायचीस. हे तसं नाहीये. कुणाच्या शेअरवर कोण बोललं, यादीत नाव येतं. मंदारचा बॉस वाचतो ती यादी."

"तिथे पोरांना फोड आलेत, केतकी."

"आणि इथे आम्हाला राहायचंय. तू ऑगस्टमध्ये परत जाशील."

 मी डाळ जरा जोरातच घोटली.

८ मे, गुरुवार. एकादशी

ब्रि. आणि मारिल्दाला जेवायला बोलावलं होतं, आधीच. रद्द कसं करायचं? मंदार होम-ऑफिस, के. ऑफिसला. बरंच झालं.

खिचडी केली. मारिल्दाने एक साबुदाणा बोटात धरून चिरडला, वास घेतला, आणि एकदम ओरडलीच: "मांजिओका!" ब्रि. तरुणपणी तिकडे नर्स होती, तिला त्यांची भाषा येते. म्हणाली, साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच त्यांचं रोजचं अन्न. मी म्हणाले, आमचं देवाच्या दिवसाचं. मारिल्दाला ते फार आवडलं. ताटलीला कपाळ लावलं तिने.

मग सांगायला लागली. त्यांचा कंद कडू, विषारी. पोत्यात भरून ओढ्यात बांधून ठेवायचा. चार-पाच दिवसांत विष निघून जातं, कंद मऊ होतो, मग किसून, पिळून, भाजून पीठ. तिच्या आजीची पोती बांधायची जागा ठरलेली, तिच्या आईची तीच, तिचीही तीच.

मंदार ताटली घ्यायला आले होते, दारात उभेच राहिले. इंग्लिशमध्ये विचारलं, "आणि आता?"

मारिल्दा हसली. "आता कंदच ओढ्याला घाबरतो." मग हसणं थांबलं. म्हणाली, गेल्या पावसात धाकट्या बहिणीने न सांगता पोतं ओढ्यात घातलं. दुसरं पाणी कुठलं आणायचं? ते पीठ खाऊन घर आजारी पडलं. बहिणीची मुलगी अजून उठून बसत नाही.

खिचडी कुणाला जाईना.

त्या दोघी गेल्यावर मंदार ओट्यापाशी आले. "आई, आमच्या सिस्टिममध्ये तो सप्लायर हिरवा आहे. म्हणजे सगळं ठीक. ते सॉफ्टवेअर आमच्याच टीमचं."

"माहिती कोण भरतं त्यात?"

"सप्लायर."

"म्हणजे पोराने आपलं प्रगतिपुस्तक आपणच भरायचं?"

"गेनाऊ, अगदी तसंच," म्हणाले, आणि भांडी घासायला घेतली. डिशवॉशर रिकामा होता.

९ मे

सकाळी मंदारनी लॅपटॉप उघडून विचारलं, मारिल्दाचं आडनाव कसं लिहितात. भरलं. बोलण्याचा हक्क तिच्या नावावर. कालच्या एकादशीचं पारणं आज असं सुटलं.

के. माझ्याशी फक्त "मीठ दे" एवढंच बोलते.

१४ मे, बुधवार

सभा. सभा कसली! हॉलच नाही. आता सगळं ऑनलाइन. ब्रि. सांगत होती, पूर्वी मोठ्या हॉलमध्ये व्हायची, फुकट सॉसेज मिळायचे, आणि साहेबांच्या अगदी समोर माईक असायचा. मारिल्दाने पिसांचं कानातलं घातलं होतं, तोंडावर जाऊन बोलायचं म्हणून. समुद्र ओलांडून आलेली बाई चर्चच्या तळघरात लॅपटॉपसमोर, आणि पडद्यावर "आपण प्रतीक्षेत आहात". हे तिला गावी बसून करता आलं नसतं का? नसतं. तिथे नेट नाही. साहेबांना हे सगळं फार सोयीचं.

दुपार उलटल्यावर नंबर लागला. मारिल्दा दोन वाक्यं आपल्या भाषेत बोलली, मग ब्रि.ने जर्मन वाचून दाखवलं. शेवटी एकच प्रश्न: तुमच्यापैकी कुणीतरी येऊन ते पाणी तपासणार का, आणि कधी?

साहेब: हा विषय आम्ही अत्यंत गांभीर्याने घेतो. सप्लायरशी आमचा सातत्याने संवाद सुरू आहे.

वर्गात असं उत्तर देणाऱ्याला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरने बाकावर उभं केलं असतं. "कधी?" असं विचारलं की तारीख सांगायची, पोरा!

ब्रि. लाल झाली होती, पण कायदा तिला पाठ. म्हणाली, उत्तर मिळालेलं नाही, प्रश्न नोटरीने सभेच्या नोंदीत घ्यावा. तो हक्क आहे. घेतला. आता उत्तर मागायला कोर्टात जाता येईल. मुदत दोन आठवड्यांची. ही मुदत चुकणार नाही असं ब्रि. तीनदा म्हणाली.

मारिल्दाने विचारलं, झालं? म्हटलं, नाही, आत्ता कुठे सुरू झालंय. तिने माझा हात धरून ठेवला.

१६ मे

मारिल्दा गेली. विमानतळावर ब्रि. पोचवायला. मी मारिल्दाला साबुदाण्याचं पाकीट दिलं. वेड्यासारखंच ते, जंगलात कंद न्यायचा. पण तिने घेतलं. बहिणीच्या मुलीसाठी म्हणाली.

१७ मे, शनिवार

मंदार काल उशिरा आले होते. आज चहाच्या वेळी के.समोरच सांगितलं. बॉसने बोलावलं होतं, सोबत कं.चा वकील. फार गोड बोलले. म्हणाले, तुमच्या सासूबाई भावनेच्या भरात वाहवत गेल्या, तुमच्या लॅपटॉपवरून त्यांनी परस्पर केलं, असं होऊ शकतं. तेवढं लिहून द्या, विषय संपला.

के. म्हणाली, "दे ना मग लिहून! आईला काय होणारेय? ती ऑगस्टमध्ये जातेच आहे."

"तेवढंच नाही," मंदार म्हणाले. "हक्कच दिला नव्हता म्हटलं, तर मारिल्दा बोललीच नाही असं धरतील. प्रश्न नोंदीतून काढायला मोकळे."

ब्रि.ला फोन केला. तिलाही तीच भीती वाटते.

सोमवारपर्यंत वेळ दिलाय. मला खोटारडी म्हणा, भ्रमिष्ट म्हणा, माझं काय जातंय. पण लिहून दिलं नाही आणि मंदारची नोकरी गेली, तर नवी मिळेपर्यंत इथली माणसं व्हिसासाठी काय नाचवतात ते मी पाहिलंय. आणि तिकडे ती मुलगी, उठून न बसणारी.

के. खोलीत गेली. मंदार कप धरून बसले होते. मला म्हणाले, "आई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते लिहितो."

आयुष्यभर लोकांना न विचारता सांगत आले. आज मलाच विचारलं, तर मी उठून के.चं दार वाजवलं; या वेळी तिला विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही.