पाणी बाधलं नव्हतं

मोरबी, ता. १४ जानेवारी २०२५

रंजिताताई,

नमस्कार. आईच्या पाया पडतो. आज इथं पतंगांची सुट्टी, टाइल्सच्या कारखान्यातली सगळी पोरं गच्चीवर गेलीत. मी खोलीत हाय. पत्र तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय. घरचा फोन स्पीकरवर असतो, आणि हे आईने ऐकायचं नाय.

माझ्या खोलीतल्या हरेशबरोबर पाठवलेला तांदूळ पोचला. तू म्हणालीस, "तिकडचं पाणी बाधलंय रे, घरची पेज पी." रोज पितो. तरी जुलाब पंचवीस दिवस थांबले नाय. हरेशलाही लागले होते. तो दोन दिवसांत उठला आणि भजी खाऊन आला. मला म्हणतो, "तुझ्या पोटाला शेठने ओव्हरटाइम लावलाय काय रे?" मी पण हसलो. पॅन्ट सुतळीने बांधतो आता.

मुरबाडच्या मनस्वीचा फोटो बघितला. पोरगी चांगली हाय. तिच्या घरची माणसं महाशिवरात्रीला येणार म्हणालीस. तेच लिहायला बसलेलो, आणि तांदळावरच अडकलो.

ताई, मला एचआयव्ही हाय. दोन वर्षं झाली. कसा झाला ते विचारू नको.

सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात. रोज एक घेत होतो, ठणठणीत होतो. गणपतीला घरी आलो तेव्हा डबा इथंच ठेवला. आई पिशवी धुवायला काढते ना, तिला सापडला असता. ते पंधरा दिवस काय झालं नाय, म्हणून परत आल्यावर पण घेतल्या नाय. तीच चूक.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाण्याला कशाला दोष देतोस? आतड्यात विषाणू शिरलाय, हरेशच्या पोटात पण तोच असेल. त्याच्या अंगाने हाकलला. तुझ्या अंगात हाकलायला कोण उरलंच नाय." आता गोळ्या परत चालू हायत. दिवसातून दोनदाच जावं लागतं.

गोळ्या नियमाने घेतल्या तर लग्नसुद्धा होतं म्हणाल्या, पण मुलीला आधी सांगून. माझ्यात तो धीर नाय. तू त्यांना "नाय जमत" म्हणून कळव. कारण काय सांगायचं ते तू बघ, पण ती पोर वाट बघत राहायला नको.

कमळाकरकाका आजारी होते तेव्हा त्यांचं ताट मीच काठीने पुढं सरकवायचो. तू माझ्या हातातली काठी काढून घेतली होतीस आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली होतीस. म्हणून तुलाच लिहिलं.

पत्र मिळालं की फोन कर. सगळे ऐकत असतील, तर दुसरं काय बोलू नको. नेहमीसारखं "पेज पिलास काय रे" एवढंच विचार. मी समजून घेईन.

फोन नाय केलास तरी चालेल. तांदूळ अजून महिनाभर पुरेल.

तुझाच,
ओमकार