बाबांचा घोटा

३ फेब्रुवारी
पाय मशीनवर चढला एकदाचा! पाय म्हणजे नुसता घोटा — कृत्रिम पायात बसणारा, ॲल्युमिनियमचा, मुठीएवढा. शिकंज्याच्या दातांत आवळला, पंप चालू केला, तेलाचा दाब चढला आणि दट्ट्या सुरू झाला — दाब, सोड, दाब, सोड. एकेक दाब म्हणजे माणसाचं एक पाऊल, तेही दुप्पट ओझ्याचं. वीस लाख पावलं न तडकता टाकली की घोटा पास.

जोडीचा दुसरा नमुना नुसताच पडून होता. साहेब म्हणाले, "वडिलांना घेऊन जा की. त्यांचा जुना खिळखिळा झालाय ना?" नियमात बसत नाही. तरी आणला!

५ फेब्रुवारी
बाबा घरभर फिरतायत. काठी दिली कोपऱ्यात टाकून. "तुझं मशीन जिंकतं की मी, बघूच!" त्यांना मजा वाटतेय. मी काठी घेऊन मागे मागे.

९ फेब्रुवारी
तेलाचा पाइप सुटला, सगळीकडे चिकचिकाट. मेकॅनिकला आम्ही 'गळती' म्हणतो ते उगाच नाही. दुपारी पुन्हा सुरू.

१२ फेब्रुवारी
निम्मी पावलं झाली, म्हणून आज तपासणी. बाबांचा घोटाही पिशवीत घालून नेला. जुन्या पायावर दिवस काढायचा म्हणून सकाळपासून नुसती धुसफूस!

मशीनवरच्या घोट्यावर शाईने 'म' होता, बाबांच्या घोट्यावर 'ब'. दोन्ही स्पिरिटने लख्ख पुसले, लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड फवारली. तडा असला तर आत शिरलेला रंग पुडीतून वर येतो, केसासारखी रेघ दिसते. दोन्ही पांढरेशुभ्र! तेवढ्यात साहेब येऊन ओरडले, "अजून मशीन बंदच?" गळतीने एक उचलून चढवला, दुसरा मी पिशवीत टाकला.

१७ फेब्रुवारी
चिमीला खांद्यावर घेऊन बाबा जिना उतरले! माझ्या लेकीला! मी किंचाळलेच. बाबा म्हणाले, "स्वतःच्या कामावर विश्वास नाही का गं तुझा?" चिमी तर टाळ्या पिटतेय — आजोबा, परत!

२० फेब्रुवारी
मशीनचा आवाज बदललाय का? गळतीला तीनदा विचारलं. "ताई, मशीन ठणठणीत आहे. तेल तुमच्या डोक्याला घाला."

२४ फेब्रुवारी
पास! वीस लाख! खाली उतरवला, रंग लावला, पूड फवारली — एक रेघ नाही. अगदी नव्यासारखा! साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. पुढच्या आठवड्यात माल बाहेर पडणार म्हणाले. जीव भांड्यात पडला. बाबांना फोन केला तर म्हणे, "मी तर आधीच सांगत होतो."

आता रोज चिमीला खांद्यावर नेणार म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.

२५ फेब्रुवारी
सकाळी बाबांनी पाय सोडून माझ्याकडे दिला — रबरी आवरण धुवायला. आवरण काढलं. घोट्याच्या बुडाला शिकंज्याच्या दातांचे वळ.

हा तर शिकंज्यात कधी गेलाच नव्हता!

बारा तारीख. स्पिरिट. शाई मीच पुसली होती, माझ्या हाताने. पुन्हा बघितलंही नाही कुठला कुठला ते. दहा लाख पावलं खाल्लेला घोटा मी बाबांच्या पायात घातला, आणि मशीनवर चढला तो बाबांचा, जवळजवळ कोरा. पास कसला! निम्मीच पावलं चाललाय तो!

घोटा पिशवीत घालून तशीच धावत कामावर आले. बाबांना काहीच सांगितलं नाही. रंग लावलाय, पुसलाय, पूड फवारलीय. आता वाट बघतेय. तोवर हे लिहीत बसलेय.

२५ फेब्रुवारी, थोड्या वेळाने
रेघ आली. लाल. घोट्याला जवळजवळ अर्धा वेढा घालून.

फोन वाजला. बाबाच. "अगं, माझा पाय कुठे नेलास? चिमी केव्हाची जिन्यात उभी आहे — खांद्यावर घे म्हणतेय."