क्यूझेड-७१ चा बंदोबस्त

मंगळवार, ३ मार्च

आज घरात चोर पकडला. वायफायचा!

लॅपटॉपवर भाषण टाइप करत बसलो होतो. नेट रखडत होतं. फोनवर राउटरचं ॲप आहे, त्यात आपल्या वायफायवर कोण कोण बसलंय त्याची यादी दिसते. माझा फोन. हिचा फोन. टीव्ही. आणि चौथा कोण? तर म्हणे क्यूझेड-७१! ओळख ना पाळख. तिथल्या तिथे ब्लॉक केला.

ऑफिसात स्टेशनरीचं कपाट उगाच माझ्या ताब्यात दिलेलं नाही. माझ्या नजरेतून साधा स्टेपलर सुटत नाही. प्रत्येक वस्तूला लेबल, हा माझा नियम. घरीसुद्धा. इस्त्रीला आहे, स्टुलाला आहे. शिलाई मशीनला लावलं तेव्हा ही दोन दिवस बोलली नव्हती.

रविवारी सोसायटीची निवडणूक. सेक्रेटरीपदाला उमेदवार दोनच: मी आणि वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. हॉलला रंग चाललाय म्हणून मीटिंग ऑनलाइन. भाषणाला विषय आयताच मिळाला. सुरक्षा!

संध्याकाळी: लॅपटॉपला वायफाय लागत नाहीये. किरकोळ काहीतरी असेल. उद्या पाच मिनिटांत करतो.

बुधवार, ४ मार्च

ती पाच मिनिटं अजून चालू आहेत.

लॅपटॉप बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. ही ऐन मालिकेत होती, जे बोलली ते इथे लिहीत नाही. राउटर कपाटावर ठेवला. मग फ्रिजवर. फ्रिजवरून पडला. तरी माझ्या फोनवर नेट फक्कड, हिच्याही. म्हणजे दोष लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर म्हणजे काय, ते उद्या वाचतो.

ही म्हणाली, वरच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना यातलं कळतं. आणि जाताच आहात तर दाढही दाखवून या. (डावी दाढ ठणकते. थोडीशीच.) मी सांगितलं, विरोधी उमेदवारापुढे तोंड उघडायचं नसतं.

एक विशेष. ॲपमध्ये नोंद आहे की क्यूझेड-७१ आज पुन्हा आत शिरायला बघत होता. कधी? बरोबर मी लॅपटॉप उघडला तेव्हा! म्हणजे मेला माझ्यावर पाळत ठेवून आहे.

गुरुवार, ५ मार्च

ऑफिसला दांडी. सापळा लावला.

लॅपटॉप उघडला, चोर हजर. मिटला, चोर गायब. पुन्हा उघडला, हजर! बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, हळूच उघडला. तिथेही हजर. इतका पोचलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. याला कळतं कसं? नक्की वरून कान लावून बसत असणार. आमच्या वर कोण राहतं, हे मी सांगायला नको.

लॅपटॉपचं दुखणंही त्याचंच काम. मी त्याला ब्लॉक केलं त्याच दिवसापासून लॅपटॉप बिघडला. सूड, दुसरं काय!

सोसायटीच्या ग्रुपवर यादीचा फोटो टाकला. क्यूझेड-७१ नावाचं यंत्र ज्याच्या घरात आहे, त्याने स्वतःहून पुढे यावं. डॉक्टरांनी लिहिलं, आमच्याकडे नाही, पण काही मदत हवी असेल तर खाली येऊ का? काय साळसूदपणा!

दाढ: मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. रविवारपर्यंत कळ काढणार.

शनिवार, ७ मार्च

काल लिहिलं नाही. दाढेमुळे नव्हे. कामं होती.

वायफायचा पासवर्ड बदलला. हिचा फोन बंद पडला, टीव्ही बंद पडला. चोर मात्र धडका मारतोच आहे. ॲपचा पिनही बदलला. चोराला सात जन्मांत सुचणार नाही असा ठेवलाय. कुठे लिहून ठेवलेला नाही. लिहिलेलं चोर वाचतात.

लॅपटॉप काही ऐकत नाही, तेव्हा उद्या फोनवरून भाषण. लॅपटॉप पुरावा म्हणून दाखवायचा. ही म्हणाली, अहो, राहू द्या ना, हसं होईल. हिला राजकारणातलं काही कळत नाही.

रविवार, ८ मार्च

मीटिंग झाली.

(जेवून आलो. आता लिहितो.)

सुरुवात उत्तम होती. आज माझ्या घरात शिरला, उद्या तुमच्या शिरेल, असं म्हटल्याबरोबर तळमजल्यावरच्या आजींनी दाराला कडी घातल्याचा आवाज आला. मग मी म्हणालो, हा पाहा त्या चोराचा बळी, आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. खालची बाजू पुढे करायची नव्हती. झाली.

सगळे एकदम स्क्रीनकडे वाकले. मला वाटलं, हेलावले.

आजींनी विचारलं, अरे, खाली लेबल दिसतंय, काय लिहिलंय त्यावर? त्यांची नजर अधू. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या आजी, नीट दिसत नाहीये. दिसत होतं. लाल शाई, ठसठशीत, खाली दोन रेघा: क्यूझेड-७१. अक्षर माझंच. लॅपटॉप घेतला त्याच दिवशी, त्याच्या सेटिंगमधलं नाव बघून लावलं असणार.

मग जे हसले! एक हसू तर आमच्याच स्वयंपाकघरातून आलं.

निकाल: डॉक्टर सेक्रेटरी. मला एक मत. मत घरामागे एक, आणि घर हिच्या नावावर. म्हणजे एवढं होऊनही ही माझ्या बाजूने उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं. थोडं दाढेमुळेही असेल.

सोमवार, ९ मार्च

सकाळी हिला थँक्यू म्हणालो. ही म्हणाली, कशाबद्दल? मी मत डॉक्टरांना दिलं. मग ते एक कोणाचं? ही म्हणाली, ते जाऊ द्या, दात घासा, तुमची वेळ घेऊन ठेवलीय. दाढेची.

दवाखान्यात आडवा पडलो. तोंडात कापूस, काही विचारायची सोय नाही. डॉक्टर आपणहून म्हणाले, स्वतःलाच मत द्यायचं म्हणजे मला कसंतरीच होतं हो. आणि दाढ काढली.

घरी येऊन क्यूझेडला मोकळा करायला बसलो. ॲप पिन मागतंय. सात जन्मांत सुचणार नाही असा ठेवला होता. मलाही सुचत नाहीये.

संध्याकाळी डॉक्टर खाली आले. गाल बघितला, लॅपटॉप बघितला, आणि आपल्या वायफायचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. म्हणाले, पिन आठवेपर्यंत आमचं वापरा. पहिल्या फटक्यात लागलं.

आता त्यांच्या यादीत क्यूझेड-७१ दिसत असेल. तास झाला. अजून ब्लॉक केलेलं नाही.