लावरीनची मुरड

१ जुलै
डाव्या हाताने लिहितेय. चेरीच्या झाडावरून शिडीसकट खाली आले, उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आणि बारा तारखेला संत पेत्रोचा सण! गावजेवणात अकरा वर्षं सगळ्यांत आधी रिकामं होतं ते माझ्या वारेनिकचं, चेरी भरून पाण्यात उकडलेल्या करंज्यांचं पातेलं. यंदा शेजारची होर्पिना मिरवणार.

२ जुलै
नवरा म्हणाला, "मी करतो." मी हसले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, लावरीन चुलीजवळ आला तो फक्त सिगारेट पेटवायला. दिवसभर शेडमध्ये बूट शिवायचे, जेवताना "मीठ दे" म्हणायचं, परत शेडमध्ये.

४ जुलै
चाळीस वारेनिक उकळत्या पाण्यात सोडले. आख्खे निघाले तीन! उरलेलं लाल सूप दोघांनी प्यायलं.

५ जुलै
समोर बसून सांगतेय — चेरीचा रस निथळू दे, पारीच्या कडेला रस लागला की मुरड सुटते, बोटं पिठात बुडव. वैतागला. "मोत्रे, चाळीस वर्षं बुटांचे तळ शिवलेत मी. शिवणीचं मला नको सांगूस, रसाचं सांग."

७ जुलै
होर्पिना मीठ मागायला आली. लावरीनने एप्रन गादीखाली कोंबला.
"काय रे, मिशीला काय लागलंय?"
"चुना. खुराडं रंगवतोय."
ती जाईना. शेवटी बिचाऱ्याला खरंच खुराडं रंगवावं लागलं.

९ जुलै
साठातले साठ आख्खे. मुरड बारीक, एकसारखी, बुटाच्या टाक्यांसारखी. आणि हात चालू असले की हा माणूस बोलतो! आज म्हणाला, "पहिल्यांदा दुकानात आलीस तेव्हा तुझी डावी टाच झिजली होती. मी मुद्दाम कच्ची ठोकली. म्हटलं, आठवड्यात परत येईल." अडतीस वर्षं हे पोटात ठेवलं होतं.

१२ जुलै
वारेनिकवर घ्यायची आंबट साय संपायच्या आधी आमचं पातेलं रिकामं. होर्पिनाने शेवटचा वारेनिक उलटसुलट करून पाहिला. "प्लास्टरातल्या हाताने ही मुरड?"
सगळं टेबल माझ्याकडे वळलं. हो म्हणून मोकळी झाले असते. पण तो समोर मान खाली घालून बसला होता.
"लावरीनची आहे," मी म्हटलं. "माझी इतकी चांगली कधीच नव्हती."
पुरुषांनी त्याला सोडलं नाही. "लावरीन, उद्या आमच्याकडे येतोस का? बायको माहेरी गेलीय." कानापर्यंत लाल झाला. घरी येताना वाटभर गुणगुणत होता.

२६ जुलै
आज बटाट्याचे. न सांगता स्टूल ओढून बसला. त्याच्या आईच्या गोष्टी ऐकता ऐकता पाणी आटलं.

८ ऑगस्ट
चार दिवसांनी प्लास्टर निघेल. म्हणाला, "चला, मग मी आपल्या शेडमध्ये." मला फार वाईट वाटलं.

१२ ऑगस्ट
प्लास्टर निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात अगदी पूर्वीसारखा, आजपासून काहीही करा.
घरी येऊन लावरीनला सांगितलं — मुरड घालायची नाही म्हणाल्यात, निदान नाताळपर्यंत.