रिपोर्टांचं फोल्डर

प्रिय धाकट्या,

तू लॅब सोडून दोन महिने झाले. तुझी खुर्ची अजून करकरते. आई रोज तुझ्या नोकरीचं विचारते, आणि मी रोज भाजी चिरत राहते.

या आठवड्यात सर्व्हरवरची प्रत्येक परवानगी तपासली. फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४, म्हणजे बदल करणार फक्त मालक, इतरांनी वाचायचं. पासवर्डांच्या फाइलीला ६००, ती वाचायचीही फक्त मालकाने. पेशंटच्या रिपोर्टांचं फोल्डर लॅबच्या वेबसाइटच्याच खात्याच्या नावावर केलं आणि बाकी सगळ्यांना बंद. नीट करायला वीस मिनिटं लागली.

त्या दुपारी मला तेवढाही धीर नव्हता. रिपोर्ट साइटवर चढत नव्हते, काउंटरवर आरडाओरडा चालला होता. तू जेवायला गेला होतास आणि तुझं खातं उघडंच होतं. मी तुझ्या खुर्चीत बसले आणि त्या फोल्डरला ७७७ दिलं. मालक, त्याचा गट, उरलेलं जग, सगळ्यांना सगळं खुलं. आत्तापुरतं, संध्याकाळी बंद करू, असं स्वतःला सांगितलं. रिपोर्ट चढले, काउंटर गप्प झालं, संध्याकाळी मी घरी गेले.

एकोणिसाव्या दिवशी कुणीतरी तिथे आपली फाइल टाकली आणि रिपोर्टांच्या जागी जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. एक आजोबा छापलेला कागद घेऊन आले होते, आठवतं? माझ्या साखरेच्या रिपोर्टात हे पत्ते कुठून आले, म्हणून विचारत होते. सगळे हसले. आपण दोघं सोडून.

साहेबांनी सर्व्हरच्या नोंदी काढल्या. त्यात तुझं खातं होतं. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "माझ्याकडूनच राहिलं." पुढच्या आठवड्यात विभाग माझ्याकडे येणार होता, हे तुला माहीत होतं. मी फरशीकडे पाहत राहिले. विभाग आला.

आता तुझ्या जागी नवा माणूस घेतायत. त्याच्यासाठी नियम लिही, असं साहेबांनी मला सांगितलं. वर तुझी चूक उदाहरण म्हणून, नावासकट, घालायला सांगितली. नियम लिहून झाले. उदाहरणही लिहिलं, तारखेसह, कुणाच्या खात्यातून कुणी केलं ते सगळं. त्यात नाव माझं आहे. सोमवारी दहा वाजता तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवणार. ते तुला फोन करतील. तू पुन्हा मला पाठीशी घालशील, म्हणून हे आधीच लिहितेय. या वेळी खरं तेच सांग.

तुझीच,
ताई