‘म’च्या काठीतलं भोक

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.२०
लातूर, डोळ्यांचा दवाखाना. भिंतीवरच्या लाल दिव्यांच्या पाटीवर माझं नाव आलं. मंजुश्री, टोकन १४. ‘म’च्या उभ्या काठीत एक भोक. वरून सहाव्या ठिपक्याला.
मी उठलेच नाही. तीनदा पुकारलं. नर्सला वाटलं, हिला ऐकूही येत नाही.
ते भोक जगात दोघांनाच ठाऊक. एक मी. दुसरे हे. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

दुपारी २
घाबरले नाही. फक्त नोंद. टेलिफोन ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर बत्तीस वर्षं काढली आहेत. आधी वस्तुस्थिती.
१९९६. ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. चालत्या अक्षरांच्या पाट्या करायच्या होत्या, पण ठिपक्यांत बसणारी मराठी अक्षरं कुठे मिळेनात. ह्यांनी शाळेच्या पाटीएवढं पॅनल बनवलं. दहा रांगा, रांगेत दहा दिवे, मागे शंभर खटके. हे मागून खटके लावून अक्षर जुळवायचे आणि पॅनल छातीशी धरून माझ्यासमोर बसायचे. मी आलेखाच्या वहीत पेटलेले चौकोन रंगवायची.
उजव्या कडेचा वरून सहावा दिवा कधीच पेटला नाही. मी सांगायची. हे म्हणायचे, “पेटलाय गं, खटका दाबलाय मी.” शेवटपर्यंत हेच. स्वस्तातला माल, दुसरं काय.

मंगळवार, ४
आरोपी सापडला. महांतेश, ह्यांचा पुतण्या, नांदेडला डिझाइनचं काम करतो. वही चोरली. (गेल्या दिवाळीत मीच दिली होती. पण बघायला.) अक्षरांचा फॉन्ट करून नेटवर फुकट ठेवलाय. जुन्या व्हिडिओ गेमसारखी ठिपक्यांची अक्षरं सध्या जोरात आहेत म्हणे, पाटीवाल्यांनीही उचललीत. फॉन्टचं नाव ‘काका’. काकूचं नाव कुठेच नाही.
भोकाचं विचारलं तर म्हणतो, “काकू, लोकांना तेच तर आवडून राहिलंय!” वर हेही, की रंगवताना तुमच्याकडूनच राहिलं असेल. माझ्याकडून! शाळेत सिस्टर बियाट्रिसच्या वर्गात रंग चौकोनाबाहेर गेला तर बोटांवर पट्टी बसायची.

शुक्रवार, ७
उदगीरच्या बसवर. चिक्कीच्या पुड्यावर. शेजारच्या गौसियाच्या लेकीच्या, अलीझाच्या टी-शर्टवर, छातीभर. सगळीकडे त्याच जागी भोक, आणि भोकातून कुणीतरी बघतंय.
चिक्कीचा पुडा भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग डब्यात घातला. डब्यावर वरवंटा. मुंग्या लागतात म्हणून.

रविवार, ९
लेखी तक्रार, चार पानं. मागणी एकच, भोक बुजवा. महांतेशचा वैतागून फोन. “हाव काकू, बुजवतो. पाटीवाल्यालाही सांगतो. आठ दिवस द्या.”
विषय संपला. उद्यापासून फिरायला जाणे.

सोमवार, १७, सकाळी ११.०५
पुन्हा दवाखाना. नाव आलं. ‘म’ अखंड, गच्च भरलेला. माझा विजय.
ही मंजुश्री कोण, ते पटकन लक्षात आलं नाही. पुन्हा तीनदा पुकारावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं ते औषधाच्या थेंबांनी. थेंब नंतर घातले, पण वासानेही येतं.
फिरायला अजून गेले नाही.

मंगळवार, १८
दोष माझा नव्हता, हे कागदोपत्री सिद्ध व्हायला हवं. माळ्यावरून पॅनल काढलं. गौसियाचा नवरा जहांगीर पूर्वी ह्यांच्या दुकानात होता. त्याने तारा जोडल्या, सगळे खटके दाबले.
शंभरच्या शंभर दिवे पेटले. कडेचा सहावाही. मी तीनदा मोजले.
“लई पक्का माल हाय बाई,” जहांगीर म्हणाला.
मग तेव्हा का पेटत नव्हता? त्याने पॅनल उचललं आणि ह्यांच्यासारखं छातीशी धरलं, डाव्या हातात. अंगठा पुढे आला, कडेच्या सहाव्या दिव्यावर बसला. दिवा गेला.
“साहेब असंच धरायचे. त्यांना मागून कसं दिसंल?”
गौसियाने कपाळाला हात लावला. “तेवीस वर्षं भांडलात बाई! एवढा अंगठा दिसला न्हाई तुम्हाला?”
मी अक्षर बघत होते. माणूस बघायचं काम माझ्याकडे नव्हतं.

बुधवार, १९, सकाळी ९
महांतेशला स्पीड पोस्टाने पाठवायच्या पत्राची नक्कल:
माझी ९ तारखेची तक्रार मी मागे घेत आहे. सर्व अक्षरांतलं भोक त्याच जागी पूर्ववत करावं. दवाखान्याच्या पाटीवरसुद्धा. तिथली माझी पुढची तारीख १ डिसेंबर आहे. दिवा पेटलेला होता, तुझ्या काकांचं बरोबर होतं. हे वाक्य कुणाला दाखवू नये. फोन चालणार नाही. लेखी उत्तर ‘काका’ फॉन्टमध्ये, अंगठ्यासकट, शुक्रवार, २८ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडावं.