घट्ट बांधलेली ताडपत्री

अब्बा, तुमचं विमान आता उडणार नाही. सरळच सांगते, गोल गोल बोललेलं तुम्हाला कधी आवडलं नाही.

काल घाट चढून धावपट्टीवरच्या आपल्या शेडमध्ये गेले, तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी पंखाची झाकणं उघडून ठेवली होती. दोन्ही इंजिनं अगदी ठणठणीत. त्यांच्यापायीच तर तुम्ही गेल्यानंतर इतकी वर्षं रक्त आटवलं मी. तेल बदला, प्लग साफ करा, विमान बरेच दिवस उभं राहिलं की प्रोपेलर हाताने फिरवा. आणि गेलं काय, तर पंखाच्या आतला दांडा, ज्याच्यावर सगळं विमान तोललेलं असतं. साहेबांनी बॅटरी धरली आणि म्हणाले, "ताई, नखानं खरवडा जरा." खरवडलं, तर खारी बिस्किटासारखे पदर सुटून हातात आले. बदलता नाही का येत, मी विचारलं. "इतक्या जुन्या विमानाचा आता कुठे मिळणार? याच्या उडायच्या कागदांवर मी सही करणार नाही." मग त्यांनी विचारलं, "पावसाळ्यात हे झाकायचं कोण?"

कोण म्हणजे काय. आधी तुम्ही, मग मी. कळंबोलीत जन्मभर लोखंड विकलंत. पाणी लागलं की माल गेला, एवढं एकच तुमच्या डोक्यात. मे संपत आला की गोदामातली जाड ताडपत्री टेम्पोत टाकून आपण वर जायचो. तुम्ही पंखावरून दोरी फेकायचात, मी पलीकडून ओढायचे आणि तुम्ही खेकसायचात, "सैल सोडू नकोस. वाऱ्याला बोटभर जागा मिळता कामा नये." साहेब म्हणाले, हे लोखंड नाही, ॲल्युमिनियम आहे, याला वाराच हवा होता. दमट हवा आत कोंडून आपणच ते कुजवलं. राग आला मला तुमचा, अजून आहे. कुणाला विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण तुम्हाला सगळंच कळायचं ना.

खरी पंचाईत अम्मीची आहे. तुम्ही होतात तोवर ती एकदाही बसली नाही. "त्या पत्र्याच्या डब्यात मी? तौबा." तुम्ही हसायचात, तरी दर वेळी तुमच्या बाजूची सीट तिच्यासाठी पुसून ठेवायचात. आता तिलाच जायचंय. तुमच्याबरोबर उडणारे तुमचे दोस्त या हिवाळ्यात तिला नेतो म्हणून कबूल झालेत, आणि ही गुडघे चोळत रोज विचारते, "झालं का गं त्याचं काम? त्यांच्या बाजूच्या त्या सीटवर एकदा बसू दे मला. मग अल्लानं उचललं तरी चालेल."

काल पनवेलला घरी पोचले तर तिने विमानात घालायची ओढणी इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेली. "काय म्हणाले साहेब?"

"एक पार्ट बाहेरून यायचाय. वेळ लागेल."

"येऊ दे," ती म्हणाली. "मी कुठे जातेय."

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार मी, अब्बा. पण एक सांगायचं राहिलं. काल शेडमधून निघण्याआधी मी ती सीट पुसली. मग साहेब बघत असतानाच ताडपत्री पुन्हा बांधली, तुमच्यासारखीच, बोटभर जागा न ठेवता.